गाणं संपल्यावरचे दोन शब्द

प्रिय भिंगरे,

आधीच सांगते, हे पत्र रागाचं आहे. वर 'प्रिय' लिहिलंय ते हाताच्या सवयीने. खोडायला गेले तर कागद फाटेल, म्हणून राहू दिलं. तब्येत बरी आहे, गुडघा जिथे होता तिथेच आहे, बाल्कनीतल्या कुंडीला कळी आलीय. झाली खुशाली. आता मुकाट्याने ऐक.

तू फोन उचलत नाहीस. तुझा बाबा म्हणतो, कामात असेल गं ती. तुझी आई म्हणते, तिच्याकडे रेंज नसते. दोघांनी आधी एकमेकांत ठरवून तरी यावं की नाही? आणि रेंज नसलेल्या मुलीच्या कॉफीच्या कपाचे फोटो तुझ्या आईच्या फोनवर येतात ते काय, कबुतर आणून टाकतं? माझी शाळा चौथीत सुटली, अक्कल नाही सुटली. म्हणून पत्र लिहायला बसलेय. फोन मध्येच कापता येतो, पत्र कापता येत नाही. जोडाक्षरं चुकली तर हसू नकोस. हसलीस तर मला इथे बसून कळेल.

तुझे आजोबा उभा जन्म क्रेनवर बसले, हे तुला माहीत आहे. पण ते किती उंच, ते तू पाहिलेलं नाहीस. मी एकदाच डबा घेऊन गेले होते तर मान दुखून आली. वर काचेच्या खोक्यात एकटा माणूस, आणि खालचा मुकादम हाताने खुणा करतोय, वर घे, खाली घे, थांब. दिवसभर माणसाचा आवाज म्हणून कानावर नाही. म्हणून घरी आले की ह्यांना गाणं लागायचं. तबकड्या, कॅसेटी, कुणी घर बदलताना फेकून द्यायला काढलेल्या पेट्या, सगळं उचलून आणायचे. मी म्हणायचे, अहो, आता आपण बाहेर झोपू आणि ह्या पेट्यांना आत झोपवू. निवृत्त झाल्यावर तो कॉम्प्युटर घेतला आणि मागच्या खोलीत एकेक गाणं त्यात भरायला बसले. आणि कसं भरायचे, तर वायर लावून नाही. तुझ्या बाबाने वायर आणून दिली होती, चांगली जाडजूड. ह्यांनी ती खिडकीचं दार बांधायला वापरली. म्हणे वायरीतून घेतलेलं गाणं म्हणजे नळीने भरवलेलं जेवण, पोटात जातं पण चव कुठे लागते? गाणं खोलीत वाजलं पाहिजे. म्हणून टेबलावर तो माइक, त्याच्यासमोर स्पीकर, आणि मागे हे स्टुलावर. वायरीवरून बापलेकांचं जे वाजलं, त्यानंतर तुझा बाबा त्या खोलीत पाय ठेवायचा तो फक्त पंखा पुसायला.

आता त्या खोलीत मीही असायचे. जाणार कुठे? ऊन तिथेच येतं. मी मटार सोलायचे, उसवलेलं शिवायचे, आणि तोंड चालू. माझं तोंड कसं आहे ते तुला सांगायला नको, तुला ते माझ्याकडूनच आलंय. पण माइक चालू म्हणजे खोलीतलं सगळं आत जाणार. मग हे बटण दाबायचे, स्टूल पुढे ओढायचे आणि मागे वळून म्हणायचे, 'हं. गप आता.' की मी गप. हातातला दाणासुद्धा वाटीत टाकायचा नाही, टण् वाजतो. नाकाला खाज आली तर येऊ दे. एकदा मला शिंक आली ती मी अशी दाबली की डोळ्यांतून पाणी आलं. ह्यांना वाटलं मी गाणं ऐकून रडले, आणि दोन दिवस माझ्याशी फार गोडीने वागले. मीही सांगितलं नाही. मग गाणं संपायचं, सुई उचलल्याचा टक् आवाज व्हायचा, आणि बटण बंद करायच्या आधी, आधी बरं का, हे मान वळवायचे आणि म्हणायचे, 'हं, बोल.'

एवढंच. हं, बोल. माझं लगेच सुरू व्हायचं, अहो, मी काय म्हणत होते... आणि ह्यांचं बोट बटणावर पडायचं.

हे गेल्यानंतर मी मागच्या खोलीत दार लोटून बसायचे, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तुझी आई शेजारच्या शिवणवालीला सांगायची, सासूबाईंना संगीताचा फार नाद. कसला नाद? अर्ध्या गाण्यांत गातंय ते बाई की बुवा हेही मला कळत नाही. मी गाणं चालू झालं की शिवण घेऊन बसायचे आणि संपायची वाट बघायचे. ते संपलं की ह्यांचं 'हं, बोल', आणि मग मी बोलायचे. आज दूध नासलं, तुमच्या लेकाने पुन्हा चष्मा हरवला, भिंगरीने नोकरी धरली, पहिल्या पगाराचा मला स्वेटर आणला तो मला होत नाही पण मी सांगितलं नाही. एक गाणं ऐकायचं आणि थोडं बोलायचं. ह्यांनी प्रत्येक वेळी वेगळं म्हटलेलं असायचं. कुठे घाईचं, कुठे तोंडात घास धरून, कुठे खोकत, कुठे रुसून, आदल्या दिवशी मी भांडले असेन तर. माझ्या आवडीच्या तीनचार 'बोल'साठी मी न आवडणारी गाणी पाठ केली. समजलं?

आणि तू काय केलंस.

तू सुट्टीला आलीस तेव्हा तो कॉम्प्युटर धापा टाकत होता, हे खरं. आतली जागा भरली होती, पडद्यावर लाल पट्टी यायची. तू म्हणालीस, आजी, ही गाणी फार मोठ्या आकाराची आहेत, सगळी एकदम छोटी करून टाकते. मला समजावून सांगताना तू माझीच उशी घेतलीस, तिच्यावर बसलीस, आणि म्हणालीस, बघ, उशी तीच आहे, फक्त हवा गेली. मी विचारलं, काही जाणार तर नाही ना गं? तू म्हणालीस, कानाला कळणारसुद्धा नाही. हे तुझे शब्द आहेत. मी ते विसरणार नाही आणि तुलाही विसरू देणार नाही. मग तू एक यादी धरलीस, एक बटण दाबलंस आणि हात झटकलेस. ह्यांनी एकेक गाणं भरायला म्हातारपण घातलं आणि तू ती सगळी एका दुपारी घाण्यात घातलीस. पट्टी सरकत होती, आपण दोघी बिस्किटं खात होतो. मी तुला हाताने भरवत होते! तुझं कौतुक करत होते! संध्याकाळी तू सगळी गाणी माझ्या मुठीएवढ्या स्पीकरमध्ये घालून दिलीस, आता अंथरुणातच ऐक म्हणालीस, आणि कॉम्प्युटरमधली जुनी पुसून टाकलीस, जागा झाली म्हणून. मी तो स्पीकर पदराखाली घेऊन शिवणवालीला दाखवायला गेले. माझी नात, म्हटलं, माझ्या नवऱ्याचं अख्खं कपाट माझ्या मुठीत ठेवून गेली. किती मिरवले मी. आठवलं की आताही कान तापतात.

तू गेलीस आणि मी ऐकायला बसले. गाणं धाडकन सुरू झालं. स्टूल ओढल्याचा आवाज नाही, गप आता नाही. म्हटलं असेल, हे विसरले असतील. गाणं संपलं, मी शिवण खाली ठेवली, तोंड उघडलं, तर दुसरं गाणं सुरू. ते संपलं, तिसरं. रांगेत माणसं एकमेकांना ढकलतात तशी गाणी. मी ती सकाळ तशी बसले, तोंड उघडायचं आणि मिटायचं, उघडायचं आणि मिटायचं. ह्यांचा श्वाससुद्धा कुठे नव्हता.

तुझ्या बाबाला मी एवढंच म्हटलं की सुरुवातीचं ह्यांचं बोलणं येत नाही. त्याने तुला फोन लावला आणि मी दाराशी उभी होते. उभी होते म्हणजे ऐकत होते, त्यात लाजायचं काय, घर माझं आहे. त्यातून मला जे कळलं ते असं की छोटं करताना तिथे एक चौकोन होता, गाण्याच्या पुढची-मागची शांतता कापून टाका असं विचारणारा, आणि तू त्यात खूण केलीस. हे माइकच्या मागे बसायचे, त्यामुळे ह्यांचा आवाज बारीक यायचा. यंत्राला तो शांतताच वाटला. आमचा अख्खा संसार त्या मेल्याला शांतता वाटला! कापला आणि टाकला. आणि तू फोनवर रडत होतीस, तेही ऐकलं. तुझा बाबा कॉम्प्युटर घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेला, त्याने सांगितलं, पुसलेल्या जागेवर नवीन लिहिलं गेलंय, आता काही परत यायचं नाही. हे मला कुणी सांगितलं नाही. मला सांगितलं, काम चालू आहे आई, मिळेल. पोराचं नाक खोटं बोलताना लाल होतं, लहानपणापासून.

आणि मग तुम्ही बापलेकींनी जे केलं, त्याला काय म्हणू? एक दिवस तुझा बाबा स्पीकर घेऊन आला, नाक लालभडक, म्हणाला, आई, मिळालं बघ. मी लावलं. 'हं. गप आता.' मी भिंत धरली. पुढचं गाणं लावलं. 'हं. गप आता.' पुढचं, 'हं. गप आता.' सगळीकडे तेच, तसंच, मापाने कापल्यासारखं. अगं, ह्यांनी उभ्या जन्मात मला दोनदा एकसारखं गप केलं नाही! आणि आवाज तुझ्या बाबाचा! तुम्हाला काय वाटलं, बापलेकांचा घसा एक आहे म्हणून म्हातारीला कळणार नाही? हे मला गप म्हणायचे ते हक्काने. तुझा बाबा म्हणतो ते डॉक्टरांच्या दारावर टकटक करून आत येऊ का विचारल्यासारखं. हसू येतं म्हणशील. मलाही आलं, अगदी पोट धरून. पाणी प्यावं लागलं. माझा पन्नाशी उलटलेला लेक, ज्या खोलीत तो वायरीवरून रुसून फिरकत नव्हता, त्याच खोलीत दार लावून बसला असेल आणि बापासारखं 'गप आता' म्हणायची तालीम करत असेल. तू तिकडून सांगत असशील, बाबा, जरा जाड आवाजात. आणि मग एकच तुकडा तू सगळ्या गाण्यांना चिकटवलास, पुन्हा एकदम, पुन्हा एका दुपारी! तुला एकेक करायला येतच नाही का गं काही?

पण हसू ओसरलं आणि राग आला तो असा की अजून उतरला नाही. कारण गाणं संपलं, मी तोंड उघडलं, आणि पुढून लगेच, गप आता. ते संपलं, गप आता. दिवसभर लावून ठेवलं तरी गप आता, गप आता. शेवटचे शब्द तुम्ही लावलेच नव्हते. कसे लावाल? ते तुम्हाला ठाऊकच नव्हते. गाण्याच्या शेवटापर्यंत ह्या घरात थांबायचं कोण? सुरुवात ऐकून तुम्ही पळायचात आपापल्या कामाला. नवऱ्याने गप बसवलं ते मी आनंदाने बसले, कारण तो पुढे बोल म्हणणार होता. तुम्ही मला नुसतं गप बसवून ठेवलंत. मी स्पीकर सुतळीने गुंडाळून चपलांच्या खोक्यात टाकला आणि तुझ्या बाबाशी दोन दिवस बोलले नाही. तो घाबरला. मी न बोलणं ह्या घरात आग लागण्यासारखं आहे.

आता पुढची गोष्ट ऐक. ही सांगताना राग सुटतो माझ्या हातून, तरी मी धरून ठेवतेय.

माझी दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरीणबाईकडे गेले, आपल्या चौकातल्या, जिच्याकडे ह्यांनी कवळी करून घेतली होती. खुर्चीत आडवी, तोंडात कापूस, लाळ ओढायची नळी, डोळ्यांवर तो दिवा. आणि वर छतातून काय यावं? स्टूल ओढल्याचा आवाज. आपलं स्टूल! एक पाय आखूड, तो खर्रकन वाजतो. आणि लगेच, 'हं. गप आता.' तोंडात काहीतरी असल्यासारखं, वेलची चघळत असतील. मी ताडकन उठायला गेले तर डॉक्टरीणबाईने खांदा दाबला. आजी, हलू नका. मी आं आं करतेय आणि ती म्हणतेय, दुखतंय का? गाणं चालू झालं. मी त्या गाण्यात डोळे मिटून पडले, आणि माझ्या दाढेत काय काय केलं तिने, मला काही कळलं नाही. गाणं संपलं. टक्. 'हं, बोल.'

आणि भिंगरे, तेवढ्याशा आवाजावर त्या बाईने हात थांबवला, नळी काढली आणि म्हणाली, हं, आजी, चूळ भरा, बोला काय ते. तिची रीतच आहे ती! ह्यांनी कवळीच्या वेळी तिला एका पेन ड्राइव्हवर थोडी गाणी भरून दिली होती, तुझ्या दवाखान्यात यंत्राचा किर्र आवाज फार आहे म्हणून. मला पत्ता नाही. तेव्हापासून ती त्यावर काम करते. गाणं चालू तोवर रोग्याने आ करायचा, 'बोल' आलं की सुटी. लहान मुलंसुद्धा रडत नाहीत म्हणे, त्यांना माहीत असतं, काका बोल म्हणणार आहेत. चूळ भरायची सोडून मी तशीच बसले. ह्यांनी बोल म्हटलं आणि मला बोलता आलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. तेवढ्यात वरून माझाच आवाज आला, खणखणीत, अहो, मी काय म्हणत होते... आणि तुटला. बाहेर कागद लिहिणारी मुलगी बसते, ती दारातून डोकावून म्हणाली, अय्या, त्या तुम्ही? सांगा ना हो आजी, पुढे काय म्हणत होतात? इथे सगळ्यांना विचारून विचारून थकलो आम्ही. एक रोगी म्हणतो नवऱ्याला शिव्या घातल्या असतील, एक म्हणतो दूध उतू गेलं असेल. मी तिला म्हटलं, बाई गं, ते मलाही आठवत नाही, पण महत्त्वाचंच असणार. आणि मग जे हसलो आम्ही तिघी, माझा कापूस उडाला.

तो पेन ड्राइव्ह तिने मला उसना दिलाय. गाणी थोडीच आहेत, पण मोठीच्या मोठी, हवेसकट. तुझा बाबा कालपासून माझ्या मागे मागे फिरतोय, आई दे, मी कॉपी करतो, काही होणार नाही. मी तो पिनेने आतल्या कपड्याला लावलाय. मागे फिर म्हटलं, हवा तेवढा फिर. ऐकवला मात्र त्याला, दवाखान्यात नेऊन. बाकावर बसून गाण्याच्या शेवटापर्यंत ऐकलंन, पहिल्यांदाच. मग चष्मा काढून बसला आणि म्हणाला, वायर नव्हती लावली तेच बरं झालं. बापाने ऐकलं असेल.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते आणि थांबते, बोटं दुखतात. तुला वाटतंय आजी गाण्यांसाठी रागावलीय म्हणून आपण तोंड दाखवू नये. गाण्यांचा राग आहेच, तो जाणारही नाही, त्याला मी जेवायला घालीन आणि सांभाळीन. पण कागद घेऊन बसायला लावलं ते वेगळ्या रागाने. तू गप झालीस. ज्या दिवसापासून चूक कळली, त्या दिवसापासून तुझा आवाज ह्या घरात नाही. जन्मल्यापासून भिंगरीसारखी फिरत बोलणारी पोर, आणि स्वतःला कापून टाकून बसलीस, पुढचं-मागचं सगळं. ह्या घरात गप बसवायचा हक्क एकाच माणसाला होता, आणि त्याने कुणाला कधी गपच सोडून दिलं नाही. गाणं कितीही लांब असो, शेवटी मान वळवायचाच. आता तो नाही, तर ते काम माझ्याकडे आलंय. पेन ड्राइव्ह मी तुझ्याच हातात देणार, दुसऱ्या कुणाच्या नाही. तू ये, माझ्यासमोर बस, एकेक गाणं उतरव, एकाही चौकोनात खूण करायची नाही, आणि मी शेजारी मटार सोलत बसेन. त्याच्या आधी फोन कर. मी उचलेन आणि पहिल्यांदा ओरडेन, ते ऐकून घे. ओरडून झालं की थांबेन. तेव्हा हे पत्र आठव.

हं, बोल.

रागावलेली, तरी तुझीच,
आजी